टाकीचा तळ

मैंदर्गीत नवी काचेची टाकी घेणारा माणूस आधी मासे बघतो, मग दिवा, मग झाडं. तळाला काय घालायचं हे तो सगळ्यात शेवटी विचारतो, आणि बरेचदा उत्तरही स्वतःच देतो: "काका, आमच्या रानातली माती आहे की. तिच्यात ज्वारी येते, मग ही चार पानं येणार नाहीत का?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो. आपल्या मातीवरचा भरवसा त्यात आहे. तरी मी "पहिल्या टाकीत नको" म्हणतो, आणि का नको ते सांगत बसतो.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची. तिच्यातला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या त्यामुळेच. हे कण 2 मायक्रॉनहून बारीक. बाटलीत मूठभर माती नि पाणी घालून हलवून ठेवा, दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच दिसेल. टाकीत एक रोप उपटून दुसरीकडे लावलं की हेच होतं. शिवाय ही माती दबली की तिच्यात हवा शिरत नाही. मुळं काळी पडतात, आणि काडी खुपसली तर वर येणाऱ्या बुडबुड्यांना कुजक्या अंड्याचा वास येतो.

त्यात भर चुनखडीची. रानात पांढरट खडे सापडतात, त्यांवर व्हिनेगर टाकलं की ते फसफसतात. आपल्याकडे बोअरचं पाणी आधीच क्षाराचं. हे खडे ते आणखी जड करतात. म्हणून शोभेसाठी संगमरवराची खडीही नको, आणि शहाबादी फरशीचे तुकडेही नकोत. शहाबादी म्हणजे चुनखडकच, फक्त घडवलेला.

मातीवर टाकी चालते, हे मी नाकारत नाही. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी 1999 सालच्या पुस्तकात हीच पद्धत मांडली: खाली इंचभर साधी माती, वर वाळूचं झाकण. पद्धत खरी आहे. पण काळ्या चिकण मातीत ती साधायला हात बसलेला लागतो.

दुसऱ्या टोकाला पिशवीतली तयार दाणेदार माती. जपानच्या ताकाशी आमानो यांच्या टाक्यांची चित्रं पाहून पोरं तीच मागतात. ती पाण्याचा सामू खाली आणते, म्हणून मऊ पाण्याच्या झाडांना मानवते. आपल्या जड पाण्यात मात्र दर पाणीबदलाला तिची ही ताकद खर्ची पडते आणि लवकर संपते. सुरुवातीला ती अमोनियाही सोडते. मासे काही आठवडे थांबवावे लागतात. नवशिक्याला एवढा धीर कुठला!

माझं मत जाड वाळूच्या बाजूचं आहे. 1 ते 3 मिलिमीटरचा दाणा. बांधकामाची वाळू चाळून घ्या, बादलीत पाणी नितळ निघेपर्यंत धुवा, व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर दुसरी शोधा. पुढे 2 इंच, मागे 3 इंच असा उतार द्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीला साधारण 18 किलो वाळू लागते. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा.

वाळूत पोषण नसतं, हा आक्षेप बरोबर आहे. पण सह्याद्रीच्या नद्यांत क्रिप्टोकोरीन उगवते ती वाळू-गोट्यांतच. वाहतं पाणी तिला खाऊपिऊ घालतं. टाकीत ते काम मुळाशी पुरलेली खताची गोळी करते. व्हॅलिस्नेरिया तर जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही आपला कार्बन घेते. बोअरच्या पाण्याची तिला अडचण नाही, उलट सोय आहे. जावा फर्न आणि अनुबियासचा आडवा कंद मात्र वाळूत पुरू नका, तो कुजतो. बेसाल्टच्या गोट्याला दोऱ्याने बांधा.

आणि एक हात जोडून सांगणं: गोळी मिळाली नाही म्हणून घरातला युरिया किंवा शेणखत टाकीत टाकू नका. त्यातून होणाऱ्या अमोनियाने मासे मरतात. गोळी सोलापूरहून येईपर्यंत झाडं वाळूत नुसती राहिली तरी चालतील.