फरशीवरची टकटक

रात्री दीड-दोनच्या सुमाराला पडवीतून आवाज यायचा. टक्, टक्, टक्, टक्. जरा थांबून पुन्हा तसाच. पहिल्या रात्री वाटलं, कोणीतरी दार वाजवतंय. दिवा लावून बाहेर आले, तर आमची कुत्री तांबी अंगाचं धनुष्य करून मागच्या पायाने मान खाजवत होती आणि पाय खाली आला की त्याचा सांधा फरशीवर आपटत होता. मला बघून शेपूट हलली. पाय मात्र थांबला नाही.

श्रावण चालू होता. कोकणात त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं आणि माणसाच्याही अंगाला कुठे ना कुठे खाज असतेच. म्हणून पहिले काही दिवस मी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी पडवी झाडताना केरात केसांचे पुंजके आले. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर, तळहाताएवढा भाग उघडा पडला होता. कातडी काळपट, जाड, सुरकुतलेली. मध्येमध्ये दातांनी चावून चावून ओली झालेली. जवळ बसलं की आंबूस वास यायचा. जिच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय माझी संध्याकाळ होत नसे, तिच्यावर हात ठेवताना माझी बोटं बिचकली. ते तिला कळलं असावं. उठून ती माडाखाली जाऊन बसली.

वाडीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. “काकी, लूत लागलीय तिला. घरात घेऊ नका,” शेजारची सून म्हणाली. रिक्षावाल्या दादांनी जळक्या ऑइलचा डबाच आणून ठेवला. “सगळ्या अंगाला चोपडा, आठ दिवसांत बरी होते बघा.” कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ते ऑइल ती चाटणार, पोटात जाणार, सोललेल्या कातडीवर आग करणार. डबा मी तसाच परत केला. कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळी घातल्या. मग तालुक्याच्या गावी एकाने इंजेक्शन दिलं. त्या रात्री पडवी शांत होती. आम्हालाही गाढ झोप लागली. बाराव्या रात्री टकटक पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

लूत या शब्दाविषयी मी तेव्हापासून विचार करते आहे. तो एकदा उच्चारला की पुढची विचारपूस संपते. कुत्रं दाराबाहेर जातं, मग गल्लीबाहेर, आणि लोक दगड उचलायला मोकळे होतात. खरं तर त्या एका शब्दाआड कितीतरी वेगवेगळे आजार दाटीने उभे असतात. खरजेचे किडे कातडीत बोगदे करतात. सुरुवात बहुधा कानाच्या कडा आणि कोपरांपासून, खाज भयंकर, आणि कुत्र्याला जवळ घेणाऱ्या माणसालाही ती काही दिवस छळते. डेमोडेक्स नावाचा दुसरा किडा केसाच्या मुळाशी राहतो. आईला बिलगून दूध पिताना, पहिल्या काही दिवसांतच, तो पिल्लाच्या अंगावर येतो, एरवी गुपचूप असतो आणि प्रतिकारशक्ती खचली की बोकाळतो. बुरशी असते. घरातल्या धुळीचं किंवा खाण्यातल्या एखाद्या पदार्थाचं वावडं असतं. थायरॉइड मंदावलं तर केस अंगाच्या दोन्ही बाजूंनी सारखे जातात आणि खाज बहुधा नसतेच. वरून दिसतं ते मात्र सगळीकडे एकच, उघडं पडलेलं कातडं. औषध प्रत्येकाचं वेगळं. नुसती खाज दाबणारं स्टेरॉइड डेमोडेक्सच्या कुत्र्याला दिलं तर आजार उलट फोफावतो.

हे मला समजावून सांगितलं ते जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी. त्यांनी सुई हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. आधी खाज सुटली की आधी केस गेले? सुरुवात कुठून झाली? घरात आणखी कोणाला खाज येते? खाते काय? झोपते कुठे? सात वर्षं जी माझ्या पायाशी बसली, तिच्याबद्दलच्या पहिल्याच प्रश्नाला मला उत्तर देता येईना. “सावकाश आठवा, काकी. घाई नाही,” त्या म्हणाल्या. मग ती पहिली रात्र डोळ्यांपुढे आली. दिव्याच्या उजेडात तिची पाठ भरलेली होती. म्हणजे आधी खाज.

मॅडमनी ब्लेडने कातडी हलकेच खरवडली, रक्ताचा बारीकसा ठिपका उमटेपर्यंत. निघालेलं काचेवर तेलाच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. किडा नव्हता. कानाची कड चिमटीत धरून चोळली. खरूज असली की अशा वेळी कुत्र्याचा मागचा पाय पुष्कळदा आपोआप हवेत खाजवू लागतो. तांबी नुसती बघत राहिली.

खरजेचं कारण माणसाला सापडलं तेही असंच, अंगाजवळ डोळा नेऊन. १६८७ साली इटलीतल्या जिओव्हानी कोसिमो बोनोमो या वैद्याने खरजेच्या किड्याचं वर्णन चित्रासह प्रसिद्ध केलं. त्याला वाट दाखवली होती गरीब बायकांनी. लेकरांच्या अंगावरचे फोड त्या टाचणीच्या टोकाने उघडून आतला बारीकसा कण बाहेर काढत. तरी पुढे दीडशे वर्षं थोर थोर वैद्य मानायला तयार नव्हते. अखेर १८३४ मध्ये पॅरिसमध्ये रेनुच्ची नावाच्या कॉर्सिकातल्या विद्यार्थ्याने तो किडा सर्वांसमोर काढून दाखवला, आणि त्यानेही ती रीत आपल्या बेटावरच्या बायकांची पाहिलेली होती. विद्वानांच्या आधी ते आयांना दिसलं, कारण लेकराचं अंग रोज त्यांच्या मांडीवर होतं.

मॅडमनी खणातून फणी काढली. लहानपणी आजी आमच्या डोक्यातल्या उवांसाठी घ्यायची तशीच, दाट दातांची. तांबीच्या शेपटीच्या मुळाशी ती दोन-तीनदा फिरवली. मिरीच्या पुडीसारखे काळे कण निघाले. मला वाटलं, माती. त्यांनी पांढरा कापूस ओला करून त्या कणांवर टेकवला आणि माझ्यासमोर धरला. एकेका कणाभोवती विटकरी लाल रंग हळूहळू पसरत गेला.

“काकी, हे तिचंच रक्त आहे. पिसवांच्या विष्ठेतून आलेलं.”

“पण मला एकही पिसू दिसली नाही हो!”

“ती चावून चाटून गिळते ना. शेपटीखाली भाताच्या शितांसारखं काही दिसलं होतं का कधी?”

दिसलं होतं. पिसू गिळल्यावर पोटात वाढणाऱ्या जंताचे ते तुकडे होते.

तांबीला पिसवांच्या लाळेचं वावडं होतं. अशा जनावराला अंगभर पिसवा लागत नाहीत, थोडे चावेही पुरतात. मग मॅडम पुन्हा त्या शेवटच्या प्रश्नावर आल्या. झोपते कुठे? पोत्यावर, मी म्हटलं. पावसात गारठा लागू नये म्हणून मीच भाताचं रिकामं पोतं घडी घालून पडवीच्या कोपऱ्यात अंथरलं होतं. सगळं तिथे होतं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्यातल्या थोड्याच. त्यांची अंडी मिठाच्या कणांसारखी केसांतून खाली घरंगळतात, अळ्या ओलसर अंधारात वाढतात आणि कोषातली पिसू आठवडेच्या आठवडे वाट बघत पडून राहते. जवळ कोणी उबदार येऊन निजलं, जमीन जराशी हादरली, की बाहेर पडते. मायेने घातलेल्या त्याच अंथरुणातून तिचं दुखणं रोज रात्री तिच्याकडे येत होतं.

पोतं जाळलं. पडवीचे कोपरे, फटी, लाकडी बाकाखालची जागा रोज झाडू लागले; अंथरूण म्हणून जुनी सुती साडी, दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढलेली. वजनाप्रमाणे पिसवांची गोळी, जंताची गोळी, चिघळलेल्या कातडीसाठी प्रतिजैविक. घरातल्या मांजरालाही औषध, पण मांजराचं वेगळं. कुत्र्याच्या काही पिसूनाशकांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. “कोष उशिरा फुटतात. तीन महिने गोळी चुकवू नका,” मॅडमनी बजावलं होतं. आम्ही चुकवली नाही. दिवाळीत कमरेवर मऊ लव दिसली. मार्गशीर्षात पाठ भरून आली, आणि पडवीत रात्रभर फक्त रातकिडे ऐकू येऊ लागले.

महाभारताच्या आदिपर्वात सरमा नावाची कुत्री आहे. जनमेजयाच्या भावांनी यज्ञाजवळ आलेल्या तिच्या पिल्लाला मारलं. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलं नव्हतं, तिकडे पाहिलंही नव्हतं. ती यज्ञमंडपात जाऊन विचारते, काही अपराध नसताना माझ्या मुलाला का मारलंत? कोणी काही बोलत नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर, एसटी स्टँडवर अर्धं अंग उघडं पडलेलं कुत्रं दगड चुकवताना दिसलं की मला ती शांतता आठवते.

तुमच्या दारातलं कुत्रं असं खाजवू लागलं तर ऑइलचा डबा शोधू नका. दाट दातांची फणी, पांढरा कापूस आणि वाटीभर पाणी घ्या. सापडेल ते आणि न सापडेल तेही जनावरांच्या डॉक्टरांना सांगा. आणि ते झोपतं कुठे, तिथेही एकदा वाकून बघा.