लिंबोणीवरची पाकोळी

साताऱ्याच्या आमच्या घरामागे कागदी लिंबाचं झाड आहे. मी पाचवीत गेले त्या जूनमध्ये, १९७९ साली, वडिलांनी सायकलला बांधून गुडघ्याएवढं रोप आणलं होतं. पहिली लिंबं उतरली ती माझ्या दहावीच्या उन्हाळ्यात. मोजून अकरा. पुढे घरात जे जे झालं, ते या लिंबोणीच्या हिशेबानंच आमच्या लक्षात राहिलं. भावाच्या मुंजीच्या मांडवासाठी तिची एक फांदी छाटावी लागली, तिची खूण अजून खोडावर आहे. आजी गेली त्या वर्षी एकही फळ धरलं नाही.

आईचं खरं वैर होतं अळ्यांशी. पावसाळ्यात कोवळी पालवी फुटली की त्या हजर. लहान असताना अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी आणि ओलसर. त्यामुळे पक्षीही तिच्याकडे सहसा ढुंकून पाहत नाहीत. मोठी झाली की पानाच्याच रंगाची होते. बोट लावलं तर डोक्यामागून दोन तांबूस शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आई काडीनं एकेक अळी जुन्या डालड्याच्या डब्यात पाडायची.

माझी मुलगी तिसरीत असताना तिनं त्यातली एक मागून घेतली. काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं आणि रोज ताजी पानं घातली. एके दिवशी अळीनं खाणं सोडलं, काडीला टेकून कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेतला आणि तिचा कोश झाला. मग नुसती वाट पाहणं. एका सकाळी मुलगी ओरडली, ‘आजी, लवकर ये!’ आई कणीक मळता मळता तशीच आली. बाहेर आलेल्या जिवाचे पंख ओल्या, चुरगळलेल्या रुमालासारखे होते. लोंबकळत राहून ते हळूहळू उलगडत गेले. काळे पंख, आणि मागच्या जोडीवर निळाई. अर्धा तास आई पिठाच्या हातांनी उभी होती. त्या दिवसानंतर डबा अडगळीत गेला.

ती राणी पाकोळी होती. २०१५ साली महाराष्ट्रानं तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं आपलं पहिलंच राज्य. वडिलांनी ती बातमी आईला मोठ्यानं वाचून दाखवली आणि कात्रण देवघराच्या फळीवर ठेवलं.

वडील जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी आईचं सहस्रचंद्रदर्शन केलं, तेव्हा भाचीनं घरातल्या कॅसेटी, फोटो, मोबाइलमधल्या चित्रफिती जमवून २२ मिनिटांची फिल्म केली. रात्री ओसरीच्या भिंतीला चादर लावून आम्ही ती पाहिली. फोटोंमध्ये मागे कुठे ना कुठे लिंबोणी होतीच. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये वडील जागोजागी दिसतात, वऱ्हाडाला हात जोडताना, पंगतीत आग्रह करताना, मला निरोप देताना. ओठ हलतात, पण आवाज नाही. व्हिडिओवाल्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई भरून ठेवलेली. इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. अशा प्रसंगी बोलणं रेकॉर्ड करायला हवं, असं आम्हाला कधी सुचलंच नाही. त्याची रुखरुख मला जन्मभर राहील.

फिल्मच्या शेवटी भाचीनं वडिलांच्या फोनमधली एक चित्रफीत लावली होती. पडदाभर एक हिरवी अळी, लिंबाचं पान काठानं कुरतडणारी. कॅमेरा थोडा थरथरतो. आणि एकाएकी वडिलांचा आवाज, अगदी कानाशी बोलल्यासारखा: ‘अगं, इकडे ये. हळू ये. ही बघ कशी खातेय.’ मागून आईचा आवाज: ‘खाऊ दे तिला.’

ओसरीवर कुणी हललं नाही. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला.

ती चित्रफीत १ मिनिट ५२ सेकंदांची आहे. वडिलांचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे.