जमेची बाजू

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात ईट हे बाजारपेठेचे गाव आहे. खव्याच्या भट्ट्यांसाठी ओळखला जाणारा हा तालुका. कुंथलगिरीचे सिद्धक्षेत्रही याच तालुक्यातले. ईटच्या पेठेतील एका किराणा-भुसार दुकानात आजही रोजकीर्द हाताने लिहिली जाते. दुकानात संगणक आहे, जीएसटीची बिले त्यावरच निघतात. परंतु सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की ब्याऐंशी वर्षांचे अण्णा लाल कापडी बांधणीची वही उघडतात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसाचा मेळ बसल्याशिवाय वही मिटायची नाही, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम.

त्यांचा नातू पुण्यात नोकरी करतो. त्याने २०२१ मध्ये एका क्रिप्टो एक्स्चेंजवर खाते उघडले आणि थोडे बिटकॉइन घेतले. घरात कोणी फारसे विचारले नाही. बार्शीला राहणाऱ्या त्याच्या विधवा आत्याने मात्र त्या वर्षीच्या राखीपौर्णिमेनंतर त्याच्या बँक खात्यात पंचवीस हजार रुपये पाठवले. "माझेही तुझ्याबरोबर राहू दे," एवढेच ती म्हणाली. कागद नाही, सही नाही. आपल्या घरांतून असे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या असेच झाले आहेत.

मार्च २०२४ मध्ये आत्याला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. भाव चढलेला होता. नातवाने सर्व बिटकॉइन विकले, हिशेब मांडला आणि कराचा वाटा बाजूला ठेवून आत्याचा भाग तिला पाठवला. मूळ रक्कम एकूण पंच्याऐंशी हजार. त्यात आत्याचे पंचवीस आणि त्याचे साठ, असे त्याच्या स्मरणात होते. आत्याच्याही स्मरणात तेच होते. तिने तोंडभर आशीर्वाद दिला. विषय संपला.

तो संपला नव्हता, हे जुलैमध्ये कळले. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे तेवीस कोटी डॉलर किमतीची आभासी चलने चोरीस गेली आणि तेथील ग्राहकांचे पैसे काढणे थांबले. नातवाचे खाते दुसरीकडे होते. तरी एक्स्चेंजचे दार एका रात्रीत बंद होऊ शकते, ही जाणीव त्याला झाली. पूर्वीही असे घडले होते. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितल्यावर काही एक्स्चेंजांनी गाशा गुंडाळला. कोईनेक्स हे एक्स्चेंज जून २०१९ मध्ये बंद झाले. पुढे ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले, पण बंद झालेली दुकाने त्यामुळे उघडली नाहीत. पेढी बुडाली तरी ग्राहकाजवळ स्वतःची वही असे; येथे वहीही पेढीच्याच घरात असते. आणि विवरणपत्राची ३१ जुलै ही अखेरची तारीख जवळ आली होती.

म्हणून एका रविवारी त्याने जमेच्या नोंदी उतरवून घ्यायला घेतल्या. खात्यात शिरून व्यवहारांच्या इतिहासात जायचे, तेथे ठेवी, काढलेल्या रकमा आणि खरेदी-विक्री यांची वेगवेगळी पाने असतात. ठेवींचेही दोन भाग : बँकेतून आलेले रुपये आणि दुसऱ्या पाकिटातून आलेली नाणी. पडद्यावर सुरुवातीला अलीकडच्याच नोंदी दिसत होत्या. जुन्या पाहण्यासाठी तारखांची मर्यादा बदलावी लागली. एका वेळी ठरावीक मुदतीच्याच नोंदी मिळत, म्हणून प्रत्येक आर्थिक वर्षाची मागणी वेगळी नोंदवावी लागली. थोड्या वेळाने फाइल तयार झाल्याचा ईमेल आला. त्यातील दुवा काही दिवसच चालणार होता.

फाइल उघडली तेव्हा रुपयांच्या जमेच्या पाच ओळी दिसल्या. बेरीज एक लाख दहा हजार! क्षणभर तो चक्रावला. मग त्याने स्थितीचा रकाना वाचला. आत्याचे पंचवीस हजार दोनदा दिसत होते, कारण पहिला प्रयत्न अयशस्वी होऊन रक्कम बँकेत परत गेली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली होती. अयशस्वी ओळ वगळली की दहा, पंचवीस, तीस आणि वीस; मेळ बरोबर पंच्याऐंशी हजारांचा.

बँकेच्या उताऱ्याशी एकेक ओळ जुळवताना शेवटची वीस हजारांची ओळ अडली. बँकेत ७ फेब्रुवारी २०२२, फाइलमध्ये ६ फेब्रुवारी. रक्कम तीच, व्यवहार क्रमांकही तोच, दिवस मात्र वेगळा. कारण शोधता सापडले. फाइलमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेची होती आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. फाइलमध्ये संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे, म्हणजे येथे रात्रीचा एक वाजून दहा मिनिटे, तारीख उलटलेली. हाच फरक ३१ मार्चच्या रात्री पडला तर एक व्यवहार चक्क दुसऱ्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो.

पण त्या तारखेने दुसरीच आठवण उघडली. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लता मंगेशकर गेल्या तो दिवस. त्या दिवशी तो ईटला होता, दूरचित्रवाणी दिवसभर चालू होती. मग रात्री एक वाजता, पुण्याला परतण्याआधीच, वीस हजार भरण्याची त्याला एवढी घाई का झाली होती? ते उमजेना. त्याने अण्णांना फोन केला.

अण्णांनी "थांब" म्हटले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पाने उलटल्याचा. थोड्या वेळाने त्यांनी वाचून दाखवले : त्या रविवारी लेकीच्या ठेवखाती नावे पंधरा हजार, रोख, हस्ते नातू.

दुकानात आत्याच्या नावाची ठेव पूर्वापार आहे. त्या दिवशी तिने फोनवरून अण्णांना सांगितले होते की आणखी पंधरा हजार पोराजवळ द्या. अण्णांनी गल्ल्यातून रोख दिली. नातवाने ती खिशात ठेवली, रात्री स्वतःच्या बँक खात्यातून पाच हजार मिळवून वीस हजार भरले आणि रोख पुढे घरखर्चात गेली. बँकेच्या उताऱ्यात आत्याचे नाव कोठेच आले नाही. पैसे तिच्या हातून गेले नव्हते, म्हणून तीही विसरली. मूळ रकमेत तिचे पंचवीस नव्हे, चाळीस हजार होते. त्याचे साठ नव्हे, पंचेचाळीस.

आता काय, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. व्यवहार मिटलेला, आत्या समाधानी. विचारणारे कोणी नव्हते. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रियेच्या शेजारीच न्यासापहार येतो. त्याचा अर्थ सरळ चोरी असा नाही. ठेव ठेवणारा संख्या विसरला, कमी मागू लागला आणि ठेव सांभाळणारा "हो, एवढेच" म्हणून मोकळा झाला, तर तो न्यासापहार. शास्त्रकारांनी ठेवीदाराच्या विस्मरणाचाही विचार करून ठेवला आहे. मार्चमध्ये नातवाची ती चूक होती, कारण तोही विसरला होता. फाइल आणि वही समोर आल्यानंतर मात्र गप्प राहणे ही चूक उरली नसती.

त्याने हिशेब पुन्हा मांडला. आत्याचा वाटा नव्या प्रमाणात काढला, कराचा वाटा वजा केला आणि फरकाची रक्कम त्याच आठवड्यात पाठवली.

विवरणपत्रासाठीही ते कागद कामी आले. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, त्यावर उपकर वेगळा. नफा काढताना खरेदीच्या किमतीखेरीज दुसरा खर्च वजा होत नाही. तोटा अन्य उत्पन्नातून वळता करता येत नाही आणि पुढील वर्षात ओढताही येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या वेळी एक टक्का करकपातही होते, म्हणजे आयकर खात्याकडे विक्रीची नोंद आधीच पोहोचते. खरेदीची किंमत दाखवण्याचे काम उरते ते करदात्याचे. त्यासाठी मुख्य आधार खरेदीच्या नोंदीचा. पण खरेदीचे पैसे कोठून आले, हे सांगते ती जमेची नोंदच. जमा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. एका गोदामातून दुसऱ्या गोदामात माल नेला म्हणजे विक्री होत नाही. तसेच एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात स्वतःचेच नाणे आणले म्हणजे नफा होत नाही. मात्र ते नाणे आपलेच होते हे सिद्ध करणारा व्यवहार-संकेत, जाळ्याचे नाव आणि तारीख जपून ठेवावी लागते. तो संकेत सार्वजनिक खतावणीत कोणालाही पडताळता येतो.

पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले की भागले, असे अनेकांना वाटते. पुण्यात गेनबिटकॉइन प्रकरणाच्या तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. पाकिटांतील चलन कमी दिसावे म्हणून पडद्याच्या छायाचित्रांत फेरफार केल्याचा आरोपही त्या वेळी ठेवण्यात आला. आरोप तो आरोपच. पण चित्र बदलता येते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. मूळ फाइलही बदलता येते. म्हणून तिची एक प्रत न उघडता वेगळी ठेवावी, बँकेच्या उताऱ्याशी मेळ घालावा आणि आकडेमोड दुसऱ्या प्रतीवर करावी. एक्सेल पंधरापेक्षा अधिक अंकी क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य करून टाकते. लांबलचक व्यवहार क्रमांक असा नकळत बिघडतो.

भाद्रपदात दशलक्षण पर्वासाठी नातू ईटला आला, तेव्हा आत्याही बार्शीहून आली होती. त्याने तिला छापील पाने दाखवली आणि मार्चमध्ये कमी पैसे दिल्याबद्दल क्षमा मागितली. आत्याने पाने हातात घेतली, चष्मा शोधला नाही, तशीच अण्णांकडे दिली.

"अण्णांच्या वहीत होते ना?" ती म्हणाली. "मग मी कशाला लक्षात ठेवू?"

अण्णांनी ती पाने उलटसुलट पाहिली. अयशस्वी ओळीवर बोट ठेवून विचारले, "हे परत आले होते ना?" नातवाने मान डोलावली. त्यांनी त्या ओळीवर पेन्सिलीने बारीक आडवी रेघ मारली, पाने दुमडून त्या वर्षाच्या वहीत ठेवली आणि रोजकीर्द लिहायला घेतली. तेव्हापासून प्रत्येक एप्रिलमध्ये पुण्याहून एक लिफाफा ईटला येतो.