शेजारीं बसून पाहिलेला खेळ

मुलांच्या खेळाविषयीं पालकांस चार शब्द सांगण्याचा प्रसंग शिक्षकास दरवर्षीं येतो, व आम्हींही ते पुष्कळ सांगितले आहेत. परंतु ज्या खेळाविरुद्ध आम्ही आवेशानें बोलत होतों, तो आम्हीं एकदाही पाहिला नव्हता. ही चूक आमच्याच मुलानें आमच्या पदरांत घातली. ती हकीकत पालकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें देत आहों.

मोबाइलवरील ‘पबजी’ हा खेळ सन २०१८ मध्यें निघाला आणि थोड्याच दिवसांत मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत मुलें इमारतींच्या जिन्यांवर माना खालीं घालून बसूं लागलीं. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रें हुडकतात, एकमेकांस टिपतात, आणि अखेर जो जिवंत राहील तो जिंकतो. सन २०१९ च्या आरंभीं एका अकरा वर्षांच्या मुलानें आपल्या आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयांत अर्ज केला कीं, या खेळानें हिंसा व परस्परांचा छळ वाढतो, सबब तो बंद करावा. तें वृत्त आम्हीं पालकसभेंत वाचून दाखविलें आणि टाळ्या मिळविल्या.

सन २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या व अभ्यासासाठीं मोबाइल आमच्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं गेला. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ११८ मोबाइल अ‍ॅपांवर बंदी घातली. त्यांत पबजीही होता. कारण देशाच्या सुरक्षिततेचें होतें, मुलांच्या नव्हे. तरी आम्हांस हायसें वाटलें.

पंधरा दिवसांनीं एका रात्रीं मुलाच्या खोलींत दिवा दिसला. त्याच जातीचा दुसरा एक खेळ चालला होता. रागानें आम्हीं त्याच्या कानावरील यंत्र काढून स्वतःच्या कानास लावलें, आणि थिजलों. कोणी प्रौढ पुरुष आमच्या मुलास अत्यंत घाणेरड्या शिव्या देत होता.

“रोज असंच बोलतो,” मुलगा म्हणाला. “गट सोडला तर मित्र भित्रा म्हणतील.”

“मग आम्हांला सांगितलं कां नाहींस?”

“पप्पा, तुम्ही सभेंत काय बोलतां तें मला ठाऊक होतं.”

त्या वाक्यानें आमचा राग ओसरला व लाज वाटली. ज्या भाषणास टाळ्या मिळाल्या, त्यानेंच आमच्या मुलाचें तोंड बंद केलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या शेजारीं तासभर बसलों. स्वतः खेळून पाहिलें व पहिल्याच मिनिटांत मारले गेलों. मुलगा खदखदां हसला. त्या तासांत जें शिकलों, तें असें:

खेळाच्या नांवाखालीं वयाचा अंक असतो: ३, ७, १२, १६ किंवा १८. तो प्रथम पाहावा. परंतु तो अंक पडद्यावर काय दाखविलें आहे तेवढेंच सांगतो. खेळतांना कोण अनोळखी माणूस कानांत काय बोलेल, हें तो सांगूं शकत नाहीं. म्हणून दुसरें, तें बोलणें स्वतः ऐकावें. तें बंद करण्याची सोय बहुधा असते. तिसरें, खेळ बक्षीस कशाचें देतो तें पाहावें. नेम, धीर व सोबत्याचें रक्षण यांचें कीं निव्वळ क्रौर्याचें? चवथें व मुख्य, मूल खेळावरून उठतें कसें? हसत कीं चिडून? झोंप, जेवण व अभ्यास जागेवर आहेत काय?

अवास्तव भय मात्र नको. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनें सन २०२० मध्यें सांगितलें कीं, अशा खेळांचा आरडाओरडा व ढकलाढकली यांच्याशीं अल्पसा संबंध दिसतो. घोर हिंसेचें कारण ते आहेत असें म्हणण्यास पुरेसा पुरावा नाहीं. उलट, खेळावरील ताबा सुटणें हा विकार असल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०१९ मध्यें मान्य केलें. पबजीचा भारतीय अवतार सन २०२३ मध्यें परतला, तेव्हां अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवली होती. शाळेच्या मुलास तीन तास थोडे नव्हेत! कंपनीचें घड्याळ निराळें, घराचें निराळें.

आमच्या मुलाशीं बोलून तो खेळ सोळा वर्षें पुरीं होईपर्यंत बाजूस ठेवावा असें ठरलें. कांहीं दिवस तो फुगून होता. तथापि त्या शिव्या देणाऱ्याविषयींची तक्रार आम्ही दोघांनीं मिळून नोंदविली, आणि त्या दिवसापासून तो आपण होऊन आम्हांस गोष्टी सांगूं लागला.

विद्यार्थ्यांनो, खेळांत कोणी घाबरवील तर तें घरीं सांगण्यांत भित्रेपणा नाहीं. आणि पालकहो, आज जेवणें आटोपल्यावर मोबाइल हिसकावण्याआधीं मुलाच्या शेजारीं बसा व म्हणा, “दाखव पाहूं, कसा खेळतात.” नाहीं म्हणावयाचें असेल तर तें त्यानंतर म्हणावें, पाहून म्हटलेलें नाहीं मुलास पटण्याचा संभव अधिक असतो.