दुसऱ्याची मांजरं

समोरच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत दोन मांजरं राहतात. एक रुंद तोंडाचा करडा बोका, दुसरी तीन रंगांची. तीन रंगांचं मांजर जवळपास नेहमी मादीच असतं, त्यामुळे ती भाटी आहे हे मला लांबूनही माहीत होतं. माझं कामाचं टेबल खिडकीशी आहे. लॅपटॉपवरून मान वर केली की कबुतरांच्या जाळीला नाक लावून बसलेली ही दोघं दिसतात.

गेल्या एप्रिलमध्ये लक्षात आलं की त्यांचा पाण्याचा वाडगा कोरडा असतो. स्टीलचा वाडगा. पाणी असलं की उन्हात त्याची चकाकी हलते, नसलं की हलत नाही. हे मला ओळखता यायला लागलं, यावरूनच समजा मी किती वेळ बघत होते. पुण्यात तेव्हा पारा चाळिशीला टेकला होता. घरमालकाची बाईक पार्किंगमध्ये नव्हती, रात्री दिवा लागत नव्हता. एक मावशी कधीतरी यायच्या, पाच मिनिटांत जायच्या.

मी काय केलं? फोनमध्ये नोंदी ठेवायला सुरुवात केली. तारीख, वेळ, वाडगा भरलेला की रिकामा, लिटरचा ट्रे साफ केला की नाही. ऑफिसात बग सापडला की आधी पुरावा गोळा करायचा, ही सवय. मग कायदा वाचला. पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. कायदा १९६० चा आणि दंडही जुनाच: पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. वडापावच्या गाडीवर याहून जास्त खर्च होतो.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बी विंगला मांजरांचा वास येतो, बंदोबस्त करा." खाली अंगठ्यांची रांग लागली. मी काहीच लिहिलं नाही. पाण्याबद्दल बोलले असते तर लोकांनी मांजरं हाकलायला तेच कारण पुढे केलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात कशाला डोकावतेस गं? आणि एवढंच वाटतंय तर जाऊन बेल वाजव की." आईची दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध होती. मी सोयीचं पहिलं ऐकलं.

१९ दिवसांत ४७ नोंदी झाल्या.

विसाव्या दिवशी रात्री बोका ट्रेमध्ये जाऊन बसला. उठला, फिरला, पुन्हा बसला. अर्ध्या तासात सात वेळा. हे मी वाचलेलं होतं. बोक्याची लघवीची नळी अरुंद असते. त्यात खडे अडकले की लघवी तुंबते, विष रक्तात चढतं, आणि एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. पाणी कमी पडलं की हा धोका वाढतो. मी चपला घालून खाली पळाले.

वॉचमन काकांनी रजिस्टरमधून नंबर काढून फोन लावला. पलीकडे माझ्याच वयाचा मुलगा. तो सोलापूरला होता, आई हॉस्पिटलमध्ये. मावशींना रोज जायला सांगितलंय म्हणाला. मी फक्त बोक्याचं सांगितलं. तो गडबडला. "किल्ली काकांकडेच आहे. तुम्ही नेऊ शकाल का? प्लीज. पैसे लगेच पाठवतो." सगळं मिळून चार मिनिटं. ज्या चार मिनिटांना मी १९ दिवस घाबरत होते, ती एवढीच होती.

घरात फ्रिजवर लसीच्या तारखांचा कागद होता. खाण्याची मोठी पिशवी अर्धी भरलेली. वाईट माणसाचं घर नव्हतं ते. पण वाडगा कोरडाच होता, हेही तितकंच खरं. डॉक्टरांनी बोक्याला गुंगी देऊन नळी घातली. तीन दिवस तो तिथेच होता. तेव्हा कळलं, त्याचं नाव पिंट्या. भाटीचं सोनी.

आपल्याकडे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. काळजी करणं आणि काळजी घेणं. पहिलं खिडकीत बसून होतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ते करताना आपण चांगले आहोत असंही वाटत राहतं. दुसऱ्यासाठी बेल वाजवावी लागते, अनोळखी माणसाशी बोलावं लागतं, कदाचित अपमानही गिळावा लागतो. माझ्या ४७ नोंदींतून पिंट्याच्या वाडग्यात एक थेंब पाणी पडलं नव्हतं.

मुलगा महिन्याने परतला. सोलापुरी चादर दिली, थँक्यू म्हणाला आणि किल्ली परत घेतली. साहजिकच होतं. मांजरं त्याची आहेत. मला मात्र थोडं लागलं.

आता तो पुन्हा रोज ऑफिसला जातो, रात्री उशिरा येतो. काही दिवशी वाडगा भरलेला असतो, काही दिवशी नसतो. मी मेसेज करते. कधी उत्तर येतं, कधी नुसत्या निळ्या टिका. त्याला माझा वैताग येत असणार. येऊ दे.

आज दुपारी चकाकी पुन्हा हलत नव्हती. मी फोन लावला.