संयमाची तरतूद

इंटरनेटवर कला सादर करून त्यावर दीर्घकाळ पोट भरू पाहणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून एकच उपदेश ऐकवला जातो, तो धीर धरण्याचा. उपदेश चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण त्यात धीर हा केवळ स्वभावाचा गुण मानलेला असतो, आणि तो धरला जात असताना घरभाडे कोण भरणार, मुलांची फी कुठून येणार, कॅमेऱ्याचा हप्ता कोणाच्या पगारातून जाणार, या प्रश्नांना त्यात जागा नसते. मराठीतील ज्या दीर्घ सर्जनशील उद्योगांकडे आज आदराने पाहिले जाते त्यांचे हिशेब तपासले, तर संयम तिथे प्रामुख्याने खर्चाची बाब म्हणून दिसतो, आणि त्या खर्चाची तरतूद कोणी ना कोणी आधीच केलेली आढळते.

मुंबईलगतच्या मीरा-भाईंदर शहरात, मीरा रोड पूर्वेकडील हाटकेश परिसरात, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. लघुउद्योगांचे गाळे आणि राहत्या इमारती इथे एकमेकांपासून फार लांब नाहीत. काम मुंबईत, पण मुंबईत घर परवडत नाही, अशा कुटुंबांनी हे शहर भरत गेले, आणि 2001 च्या जनगणनेत 5,20,388 असलेली मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2011 मध्ये 8,09,378 झाली. या कुटुंबांत मालिका-चित्रपटांच्या धंद्यावर जगणारी मंडळीही आहेत, त्यामुळे प्रकाशयोजना, संकलन, डबिंग यांची जाण असलेला माणूस ओळखीपाळखीत सापडतो. टंचाई असते ती शांततेची आणि मोकळ्या वेळेची.

ध्वनिमुद्रणाचे एकच उदाहरण पुरेसे आहे. कथा वाचून दाखवणारा, गाणे शिकवणारा किंवा इतिहासावर बोलणारा कोणी वन रूम किचनच्या घरात माइक मांडतो, तेव्हा मुद्रणात सर्वांत आधी शिरतो तो खोलीचा घुमारा, म्हणजे मोकळ्या भिंतींवरून परतून मूळ आवाजात मिसळणारा आवाज. त्यावर स्टुडिओतील महागड्या फोमऐवजी कपड्यांनी भरलेल्या कपाटाचे उघडे दार आणि पाठीमागे दोरीवर टाकलेली गोधडी हे उपाय बऱ्यापैकी कामी येतात. पंखा बंद करावाच लागतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये एका बैठकीत फार वेळ बोलणे अंगाला सोसत नाही. मात्र गाळ्यातील पॉवर प्रेसचा ठोका गोधडीने अडत नाही, कारण खालच्या पट्टीतला आवाज भिंतींतून आणि फरशीतून चालत येतो. आणि तो नंतर सॉफ्टवेअरने पुसू जावे, तर बोलणाऱ्याच्या आवाजातला खर्जही त्याबरोबर पुसला जातो. म्हणून मुद्रण रात्री, शेजारचा शेवटचा टीव्ही बंद झाल्यावर, नाहीतर गाळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी करावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चगेटची लोकल असतेच. अशा दिनक्रमात आठवड्याला एक व्हिडिओ होणे हीच मोठी मजल आहे. रोज एक टाका, असे सांगणाऱ्यांच्या घरी बहुधा स्वयंपाक दुसरे कोणी करत असावे.

व्यवस्थेचा हिशेब याहून कठोर आहे. यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळू लागण्याला चॅनल मॉनेटाइज होणे म्हणतात, आणि त्यासाठी 2018 पासून 1000 सबस्क्रायबर व मागील 12 महिन्यांत 4000 तासांचा वॉच टाइम, म्हणजे प्रेक्षकांनी व्हिडिओ प्रत्यक्ष पाहण्यात घालवलेला एकूण वेळ, अशी अट आहे. 4000 तासांची 2,40,000 मिनिटे होतात. प्रत्येक प्रेक्षक सरासरी 4 मिनिटे थांबला असे धरले, तर वर्षभरात 60,000 वेळा ते व्हिडिओ पाहिले गेले पाहिजेत. शॉर्ट्स या उभ्या, छोट्या व्हिडिओंचे फीडमध्ये सरकत्या बोटाने मिळणारे प्रेक्षक या तासांत धरले जात नाहीत. शॉर्ट्ससाठी 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूजची वेगळी अट आहे. नियमाची खरी मेख त्या 12 महिन्यांत आहे. ही मुदत रोज एका दिवसाने पुढे सरकते आणि वर्षापूर्वीचे तास मागच्या बाजूने गळून जातात, त्यामुळे सावकाश चालणाऱ्याची शिल्लक साठत नाही. धीर धरा म्हणणाऱ्या व्यवस्थेनेच धीराला मुदत घातली आहे, हे यशाच्या व्याख्यानांत सहसा सांगितले जात नाही. अट पूर्ण झाल्यावर नेहमीच्या लांबीच्या व्हिडिओंवरील जाहिरातींचा 55 टक्के वाटा चॅनलला मिळतो खरा, पण तो हाती पडायलाही वेळ लागतो: खात्यात 10 डॉलर जमले की पत्त्याची खातरजमा करण्यासाठी गूगल साध्या टपालाने एक पिन पाठवते, ते पाकीट इमारतीच्या तळमजल्यावरील पत्रपेटीत वीजबिलांच्या गठ्ठ्यात येऊन पडते, आणि 100 डॉलर साठेपर्यंत बँकेत काही जमा होत नाही.

ही तंगी नवी नाही. दादासाहेब फाळके 1912 मध्ये विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून लंडनला गेले आणि कॅमेरा खरेदी करून परतले, तरी चित्रपटासाठी भांडवल देणारा कोणी पुढे येत नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा एकाच जागी ठेवून थोड्याथोड्या अंतराने त्याची एकेक चौकट टिपली, आणि अंकुर फुटून रोप वाढण्याची क्रिया काही क्षणांत डोळ्यांसमोर उलगडणारी ‘अंकुराची वाढ’ ही चित्रफीत तयार केली. ती पाहिल्यावर कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. या प्रसंगाचे कौतुक सामान्यतः चिकाटीचा नमुना म्हणून होते, परंतु कारागिराच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: काम छोटे होते, स्वस्त होते, एका माणसाला घरच्या घरी पार पाडता येण्याजोगे होते, आणि मुख्य म्हणजे ते पूर्ण झाले होते. पौराणिक चित्रपटाच्या भव्य योजनेचे शंभर कागद दाखवून जे साधले नसते, ते वाटाण्याने साधले. या संयमाची किंमत कोणी मोजली हेही नोंदले पाहिजे. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने त्यात गेले. कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक करायचा आणि रात्री अंधारात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडायची, हे कामही त्यांनीच केले. फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावातील कोरोनेशन थिएटरमध्ये लोकांसमोर आला, तो अशा घरखर्चातून.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी हा भार एका घरावर पडू दिला नाही. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी 1916 मध्ये नागपुरात मर्यादित कंपनी काढली, भाग (शेअर) विकले, खंड हाती येण्याआधी वर्गणीदार गोळा केले, आणि त्या बळावर 1929 पर्यंत 23 खंड पूर्ण केले. आज चॅनलच्या नियमित पाठीराख्यांकडून दरमहा ठरावीक रक्कम घेण्याची जी मेंबरशिपची पद्धत रूढ होत आहे, तिचे तत्त्व यापेक्षा फार निराळे नाही; फरक इतकाच की मराठी कलावंताला पैसे मागण्याचा संकोच अजून सुटलेला नाही आणि तो सुटल्याशिवाय त्याचा धीर फार टिकणारही नाही.

कामाचे माप कोणत्या काळात घ्यायचे, हा प्रश्नही पैशाइतकाच निकडीचा आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि दिवाळी अंकांच्या प्रथेने मराठी लेखकाला पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वर्षाचे माप दिले. ऑनलाइन कामाचे आकडे मात्र तासागणिक बदलतात, आणि व्हिडिओ टाकल्यावर दर दहा मिनिटांनी ते पाहणारा माणूस पुढच्या कामासाठी शिल्लक राहत नाही. वास्तविक मराठी प्रेक्षकाची वागणूक पंचांगाला धरून असते: पुरणपोळीची कृती होळीला, उकडीच्या मोदकांची गणपतीला आणि चकलीच्या भाजणीची दिवाळीआधी पुन्हा शोधली जाते. त्यामुळे असा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात पडला तरी वर्षानुवर्षे उभा राहू शकतो, आणि गाजलेल्या बातमीवरचा व्हिडिओ आठवड्यात संपतो. कोणते काम कोणत्या जातीचे आहे हे ठरवूनच त्याला वेळ दिलेला बरा.

शिवाय काळाची साथ आपल्या हातात नसते. मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये अमेरिकेतून पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले, तेव्हा महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांना मोबाइलवर व्हिडिओ पाहणे परवडत नव्हते. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची मोबाइल सेवा आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि त्यांच्या मराठी चॅनलसारख्या कामाला घरोघरचा प्रेक्षक मिळाला. उलट अहिल्यानगरजवळच्या (पूर्वीचे अहमदनगर) सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे चॅनल 2020 मध्ये नातवाच्या मदतीने सुरू झाले आणि काही महिन्यांत लाखोंपर्यंत पोचले. हे यश झटपट म्हणणे सोपे आहे, परंतु चुलीपुढे गेलेली पन्नासेक वर्षे त्या हिशेबात धरलेली नसतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते चॅनल हॅक झाले आणि काही दिवसांनी परत मिळाले. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तर ज्यांचे सारे काम तेवढ्याच अॅपवर होते, त्यांचा सगळा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत हातचा गेला, आणि त्यांच्या धीरात काही कमी होती असे कोणीही म्हणणार नाही. एकाच आधारावर विसंबण्याचा हा धोका पाहता, 2016 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘भाडिपा’ या मराठी यूट्यूब चॅनलने जाहिरातींच्या वाट्याबरोबर प्रायोजित मालिका आणि तिकीट लावून केलेले रंगमंचीय कार्यक्रम ही दुसरी-तिसरी मिळकतही जोडली, ते शहाणपणाचेच झाले.

म्हणून हाटकेशमध्ये किंवा अन्यत्र या वाटेला लागणाऱ्याने पहिल्या तीन वर्षांचे उत्पन्न शून्य धरून घरखर्च कागदावर मांडावा आणि तो घरातल्या कमावत्या माणसापुढे ठेवून त्याची संमती घ्यावी. मूळ मुद्रणे दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावीत. आणि नोकरी सोडून पूर्णवेळ क्रिएटर व्हा, असे शिकवणारे एखादे शिबिर भेटलेच, तर त्याची फी शिबिराला न देता बऱ्यापैकी माइक घ्यावा.