पोटातला गोळा

१९६२ साली पीजीआय ही वैद्यकीय संस्था स्थापन झाल्यापासून पंजाब, हरियाणा, हिमाचलातली गावेच्या गावे दुखणे घेऊन चंदीगडची वाट धरतात, आणि त्या ओघातलीच एक वृद्धा येथील एका रुग्णालयात माझ्यासमोर पोटावर हात फिरवीत म्हणाली, "ढिड विच गोला फिरदा ए." दोन महिने अधूनमधून उठणारी कळ, शौचावाटे रक्त, दोन दिवसांपासून वायूदेखील न सरणे, आणि उजव्या कुशीत कधी हाताला लागणारा तर कधी नाहीसा होणारा तो लांबट गोळा, ही सारी जबानी आतड्यात आतडे शिरल्याची होती.

बालकांत हा विकार बहुधा उघड कारणावाचून होतो. प्रौढांत तो विरळा, आणि तेथे आतड्याला ओढून नेणारी एखादी गाठ बहुतेक वेळा असतेच. मोठ्या आतड्यात ती पुष्कळदा कर्करोगाची निघते, म्हणून शिरलेले आतडे उलगडीत न बसता तो भाग तसाच काढावा, असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे. त्याने हाताला मुखत्यारी दिली होती, जिभेला नव्हे. तरी शस्त्रक्रियेपूर्वी तिच्या मुलाला व्हरांड्यात गाठून मी ‘कर्करोगच’ असे सांगून टाकले, आणि तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

काढलेला भाग मेजावर उभा चिरला तेव्हा आत लिंबाएवढी गुळगुळीत गाठ होती. माथ्यावरचे अस्तर घासून घासून व्रणाने काळवंडलेले, पण पाते आत जाताच लोण्यासारखी पिवळी, तकतकीत चरबी वर फुगून आली. सुश्रुताने मेदोज अर्बुद म्हटले ते हेच असावे, असे मला वाटते. अशी गाठ दोन सेंटीमीटरांहून लहान असली तर बहुधा जन्मभर मुकाट राहते. मोठी झाली की आतड्याची लाट तिला अन्नासारखी पुढे लोटते, आणि ती भिंतीला बांधलेली असल्याने भिंतच मागोमाग आत शिरते.

रात्री सीटीची फिल्म पुन्हा लावली. पाण्याला शून्य धरणाऱ्या हाउन्सफील्डच्या मापात चरबी उणे शंभराच्या आसपास भरते, म्हणून ती काळी दिसते. आतड्यात शिरलेल्या आतड्याच्या वलयांच्या टोकाशी ती गोल काळी चकती सकाळीही होतीच. आतड्याबरोबर ओढल्या गेलेल्या चरबीच्या पडद्याचाच तो भाग, असे समजून मी तिची खातरजमा केली नव्हती. शस्त्रक्रिया तीच करावी लागली असती, पण तो मुलगा तसा खाली बसला नसता.

सहा दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. मुलाने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि मग कोऱ्या कागदावर ‘कॅन्सर नहीं’ असे माझ्या हातचे लिहून मागितले. मी ते सहीशिक्क्यानिशी लिहून दिले.